लहान सागरी मत्स्यालयातील सफाई करणारे प्राणी

जबलपूर हे नर्मदाकाठचे नगर होय. तेथील राणीताल, चेरीताल, आधारताल ही वस्त्यांची नावे जुन्या तलावांची आठवण देतात. तळ्यात पडलेले पान कुजते, त्यावर जीवाणू पोसतात, गोगलगायी दगडावरील शेवाळ खरवडतात आणि मेलेला मासा खेकड्यांच्या व कोळंब्यांच्या पोटात जातो. ही व्यवस्था कोणी लावून दिलेली नसते. परंतु समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या नगरात काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्याचे जीवन जोपासावयाचे झाल्यास तीच व्यवस्था माणसाला विचारपूर्वक उभारावी लागते. त्यासाठी जे लहान प्राणी पेटीत सोडतात, त्यांना मत्स्यालयाचे सफाई पथक म्हणतात.

सफाई म्हणजे काय?

हे प्राणी पेटीतील घाण नाहीशी करतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. गोगलगाय शेवाळ खाते, पण तिची विष्ठा त्याच पाण्यात पडते. विष्ठा व उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. जीवाणूंचा एक वर्ग त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरा वर्ग नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. अमोनिया व नायट्राइट विषारी असतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असले, तरी ते साठत जाऊन शेवाळाचे खत बनते व पाण्याचा काही भाग बदलल्याखेरीज बहुधा कमी होत नाही. तात्पर्य, सफाई करणारे प्राणी घाणीचे रूप पालटतात. ती पेटीबाहेर काढण्याचे काम माणसाचेच राहते.

तथापि या प्राण्यांचे महत्त्व कमी लेखता येत नाही. 1983 साली पनामाच्या किनाऱ्याजवळ लांब काट्यांच्या काळ्या समुद्री अर्चिनांमध्ये एक रोग उद्भवला. वर्षभरात तो कॅरिबियन समुद्रभर पसरला आणि या जातीचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्राणी मेले. जमैकाजवळ शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीमुळे आधीच विरळ झाले होते. अर्चिनही गेल्यावर तेथील प्रवाळांवर शेवाळाचे दाट आच्छादन पसरले आणि प्रवाळभित्तीची मोठी हानी झाली. शेवाळ खाणारा एक प्राणी नाहीसा झाल्याने केवढा फरक पडतो, हे यावरून ध्यानात येते.

कोणाचे काम कोणते?

पथकाची निवड प्राण्याच्या रूपावरून न करता त्याच्या आहारावरून करावी. मालवण किंवा रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाहिल्यास निसर्गातील ही कामाची वाटणी स्पष्ट दिसते.

काचेवरील व दगडांवरील पातळ शेवाळ खरवडण्यास सागरी गोगलगायी योग्य होत. त्यांच्या मुखात कानशीसारखी दंतुर पट्टी असते. ट्रोकस वर्गातील गोगलगाय पालथी पडल्यास बहुधा स्वतः सरळ होते. ज्यांना हे जमत नाही, त्या उलट्या पडून मरतात. सेरिथ नावाच्या लांबट गोगलगायी वाळूत शिरून तिचा वरचा थर हलता ठेवतात. नासारियस गोगलगाय शेवाळाच्या कामी उपयोगी नाही. ती वाळूत दडून बसते व मांसाचा वास येताच सोंड वर काढून बाहेर येते. माशांनी सोडलेले अन्न संपविणे हे तिचे काम.

रिकाम्या शंखात राहणारे लहान खेकडे शेवाळ व अन्नकण दोन्ही खातात. परंतु वाढत्या शरीरासाठी मोठा शंख मिळाला नाही, तर ते जिवंत गोगलगायीस मारून तिचा शंख बळकावतात. म्हणून त्यांच्यासाठी निरनिराळ्या आकारांचे रिकामे शंख पेटीत ठेवावेत. कोळंबीच्या काही जाती अन्नकण वेचतात, तर काही माशांच्या अंगावरील परोपजीवी टिपतात.

कोणते प्राणी ठेवू नयेत?

वाळू उपसणारा तारामासा लहान पेटीत ठेवणे योग्य नव्हे. वाळूतील सूक्ष्म जीव तो काही दिवसांत संपवितो व नंतर हळूहळू उपासमारीने मरतो.

समुद्रकाकडीच्या बाबतीत विचार करण्याचे कारणच नाही. ती मरताना पाण्यात विष सोडू शकते. शिवाय 2001 साली सर्व समुद्रकाकड्या आणि भित्ती बांधणारे प्रवाळ यांचा समावेश 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. मोठा ट्रोकस व हिरवा टर्बो या शंखांनाही त्याच वेळी संरक्षण मिळाले. सबब विक्रेत्यास प्राण्याची नेमकी जात सांगता येत नसेल, तर तो विकत घेऊ नये. प्रवाळाच्या जागी सच्छिद्र कृत्रिम दगड वापरावा. भेडाघाटचा संगमरवर शोभिवंत खरा, पण तो घट्ट असल्याने उपयोगी जीवाणूंना त्याच्या आत राहण्यास जागा मिळत नाही.

केव्हा व किती?

नव्या पेटीत जीवाणूंची वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पाण्यात अमोनिया व नायट्राइट आढळत नाहीत, अशी परीक्षेने खात्री झाल्यावाचून एकही प्राणी सोडू नये. तांब्याचा अल्प अंशही गोगलगायींस व कोळंब्यांस घातक असतो. माशांच्या रोगावरील तांबेयुक्त औषधे या पेटीत कदापि घालू नयेत. शुद्ध केलेल्या पाण्यात सागरी मीठ विरघळवून दर लिटरास सुमारे 35 ग्रॅम क्षारता राखावी. नव्या प्राण्याच्या पिशवीत पेटीतील पाणी थेंबाथेंबाने मिसळावे, कारण क्षारतेतील एकाएकी होणारा बदल या प्राण्यांना सोसत नाही.

जबलपूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. म्हणून पाण्याचे तापमान सुमारे 26 अंशांवर राखण्याची सोय झाल्याखेरीज उन्हाळ्यात नवे प्राणी आणू नयेत.

साठ लिटरांच्या पेटीस आरंभी शेवाळ खाणाऱ्या तीन-चार लहान गोगलगायी, दोन नासारियस व एक कोळंबी पुरेशी होते. महिनाभराने शेवाळ वाढतच आहे असे दिसल्यास प्रथम माशांचे अन्न कमी करावे, पाणी बदलावे आणि मगच एखादी गोगलगाय वाढवावी. एकदम वीस-पंचवीस प्राणी सोडल्यास शेवाळ चार दिवसांत संपते. मग ते उपाशी मरतात आणि कुजून, ज्या घाणीसाठी आणले, तीच वाढवितात.

शाळेच्या पेटीजवळ एक वही ठेवून विद्यार्थ्यांनी रोज सकाळी प्राणी मोजावेत. एखादी गोगलगाय दोन दिवस हलली नाही, तर ती उचलून वास घ्यावा; मेलेली असल्यास तत्काळ काढून टाकावी. समुद्रात एका गोगलगायीच्या मृत्यूने पाणी बिघडत नाही, साठ लिटरांत बिघडते. हा फरक ज्याच्या ध्यानात आला, त्याला पथकाची निवड कठीण जाणार नाही.