सूर्यप्रकाश आणि करसवलत

विद्यार्थिमित्रहो, शेंकडेवारीचीं उदाहरणें सोडवितांना "हीं पुढें कोठें उपयोगीं पडणार?" असें तुमच्यापैकीं पुष्कळजण विचारतात. तीच शेंकडेवारी परदेशच्या एका कायद्यांत कशी काम करते, आणि एका लहानशा नियमामुळें कोणास लाभ होतो व कोण वंचित राहतो, हें आज पाहूं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घराच्या छपरावर सौर पॅनेलें बसविणारांस सरकार करांत सवलत देत आलें आहे. १९७३ सालीं अरब देशांनीं तेथें खनिज तेल पाठविणें बंद केल्यावर या विचारास जोर आला. मध्यवर्ती सरकारची पहिली सवलत १९७८ च्या कायद्यानें सुरू झाली व १९८५ अखेर संपली. २००५ च्या कायद्यानें ती पुन्हां आली; २०२२ पासून ती खर्चाच्या शेंकडा ३० होती. परंतु ३१ डिसेंबर २०२५ नंतर घरमालकांनीं केलेल्या खर्चास ती मिळत नाहीं. म्हणून आतां निरनिराळ्या राज्यांच्या स्वतःच्या सवलतींस अधिक महत्त्व आलें आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानांत घ्यावा. उत्पन्नांतून कांहीं रक्कम वगळून उरलेल्यावर कर आकारणें, ही वजावट. आकारलेल्या करांतूनच रक्कम कमी करणें, ही करसवलत. ॲरिझोना राज्यांत २०२३ पासून प्राप्तिकराचा दर शेंकडा २.५ आहे. तेथें १,००० डॉलरांची वजावट मिळाली, तर कर २५ डॉलरांनींच कमी होईल. तितक्याच रकमेची करसवलत मिळाली, तर पुरे १,००० डॉलर वांचतील.

ॲरिझोनाच्या कायद्याप्रमाणें सौर संचाच्या खर्चाच्या शेंकडा २५ करसवलत मिळते. मात्र ती १,००० डॉलरांहून अधिक असूं शकत नाहीं. समजा, संचास २०,००० डॉलर खर्च आला. शेंकडा २५ प्रमाणें ५,००० होतात, पण हातीं येणार १,००० च. ज्या गृहस्थास १,५०० डॉलर कर द्यावयाचा आहे, तो ५०० देऊन मोकळा होतो. आतां बेताच्या मिळकतीची एक विधवा घ्या. तिच्यावर दरसाल १०० डॉलरच कर बसतो. न वापरलेली सवलत पुढील पांच वर्षें वापरतां येते. म्हणजे सहा वर्षांत तिचे ६०० डॉलर वांचतात व उरलेले ४०० बुडतात. जिला गरज अधिक, तिलाच लाभ कमी!

शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यानें निराळा मार्ग धरला. तेथें २०२० च्या कायद्यानें खर्चाच्या शेंकडा १०, पण जास्तींत जास्त ६,००० डॉलर, अशी सवलत ठरली. आणि २०२२ सालीं तींत अशी सुधारणा झाली कीं, सवलत करापेक्षां अधिक झाल्यास उरलेली रक्कम सरकारनें रोख परत द्यावी. तीच विधवा तेथें असती, तर २०,००० डॉलरांच्या संचावर तिला २,००० ची सवलत मिळून १०० कराचे वळते होतांच १,९०० डॉलर तिच्या हातीं पडले असते.

आपल्या देशांत २०२४ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेंत करसवलतीऐवजीं अनुदान ठेविलें आहे. तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचास ७८,००० रुपये थेट बँकेच्या खात्यांत जमा होतात. कर न भरणाऱ्या कुटुंबासही तें मिळूं शकतें. तथापि आरंभींचा पैसा आणि स्वतःचें छप्पर ज्यांच्यापाशीं नाहीं, त्यांची अडचण दोन्ही पद्धतींत शिल्लक राहतेच.

मुलांनो, एखादी सवलत जाहीर झाली कीं, "किती?" एवढेंच विचारून थांबूं नका, "कोणास?" हेंही विचारा, आणि घरीं वडील मंडळींसह हिशेब मांडून पहा. ऊन पडतांना तें गरीब-श्रीमंत पहात नाहीं. कायदा करणारांनीं मात्र तें अवश्य पहावें.