टाका नसला तरी प्रश्न विचारा

माझ्या यजमानांच्या उजव्या गुडघ्याचं दुखणं जुनं. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, वंगणाचं इंजेक्शनही झालं. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायत बागेतला सकाळचा फेरफटका बंद पडला. गुडघा बदलायला हे तयार नव्हते. तेव्हा एका नातेवाइकाकडून एम्बोलायझेशन या उपचाराबद्दल कळलं आणि आम्ही पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात गेलो. ‘कापाकापी नाही, टाका नाही, लगेच घरी,’ एवढंच आम्हाला सांगण्यात आलं.

उपचार व्यवस्थित झाला. छत्रपती संभाजीनगरला परतल्यावर मात्र रात्री गुडघ्याभोवतीची कातडी जांभळट पडली, ठिपके उमटले. रुग्णालयाचा फोन कुणी उचलेना. पाय गमवावा लागतो की काय, या धास्तीने आम्ही घाटी रुग्णालयाच्या अपघात विभागात पोहोचलो. तिथल्या डॉक्टरांनी पावलाची नाडी तपासली, बोटं गरम असल्याची खात्री केली आणि धीर दिला. डाग काही आठवड्यांत गेले, दुखणंही हळूहळू बरंच उतरलं. पण कातडीवर असे डाग येऊ शकतात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र तशी काढावी लागली नसती.

म्हणून हा उपचार नेमका काय आहे, ते समजून घ्या. झिजलेल्या गुडघ्याचं आतलं अस्तर सुजतं. त्यात नव्या, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्याबरोबर वेदना पोहोचवणारे मज्जातंतूही वाढतात. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट बहुधा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी गुडघ्यापर्यंत नेतात आणि सूक्ष्म कण सोडून या नव्या वाहिन्यांचा रक्तपुरवठा कमी करतात. ते कण कातडीच्या वाहिन्यांत गेले तर आम्ही पाहिले तसे डाग पडतात. झिजलेली कूर्चा मात्र यातून पुन्हा येत नाही.

जपानचे डॉ. युजी ओकुनो यांनी २०१४ च्या सुमारास १४ रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले आणि जगाचं लक्ष या उपचाराकडे गेलं. खोट्या उपचाराशी तुलना करणारे प्रयोग नंतर झाले, पण ते लहान होते आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेने २०२१ मध्ये हा उपचार संशोधनाच्या चौकटीतच करावा, असं म्हटलं. आराम पडतो, पण सगळ्यांनाच नाही.

होकार देण्याआधी हे जरूर करा:

• उभं राहून काढलेला एक्स-रे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. झीज सौम्य ते मध्यम असेल तर या उपचाराचा विचार होतो. हाडाला हाड लागलं असेल तर फायद्याची शक्यता कमी असते.

• मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आयोडीनयुक्त औषधाची ॲलर्जी हे सगळं सांगा. मनाने कुठलीही गोळी थांबवू नका.

• डॉक्टरांनी असे किती गुडघे केले, त्यात काय गुंतागुंत झाली, विमा लागू होतो का आणि एकूण खर्च किती, हे लेखी घ्या.

• रात्री-अपरात्री फोन उचलला जाईल असा नंबर घ्या. तो मिळत नसेल तर तारीख ठरवू नका.

• घरी आल्यावर जांघेत रक्तस्राव किंवा वाढती सूज, पाऊल गार किंवा निळं पडणं, ताप, कातडीवर फोड किंवा काळे चट्टे यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

गुडघा पार झिजला असेल तर बदलण्याच्या शस्त्रक्रियेची नीट माहिती घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत तेव्हा दीड लाखाहून अधिक होती, ती ५४,७२० रुपयांवर आली.

कुठलाही मार्ग निवडा, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजनावर ताबा ठेवणं चुकत नाही. मार्ग निवडण्याआधी घरातल्या एका माणसाला सोबत घेऊन, प्रश्नांची यादी हातात धरून डॉक्टरांसमोर बसा. उत्तरं द्यायला ज्यांना सवड आहे, त्यांच्याच हाती गुडघा द्या.