मिदी कालव्याची सफर

मुलांनो, उर्दूत जिला ‘नहर’ म्हणतात, तिलाच मराठीत ‘कालवा’ म्हणतात. शेताला पाणी देणारा कालवा तुम्ही पाहिला असेल. पण सुट्टीत नावेत राहून ज्यातून प्रवास करता येतो, असा कालवा पाहिला आहे का? चला, आज आपण दक्षिण फ्रान्समधील मिदी कालव्याची सफर करू.

हा कालवा तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राजवळच्या एका सरोवरापर्यंत जातो. त्याची लांबी सुमारे २४० किलोमीटर आहे. आपली नाव म्हणजे पाण्यावरचे छोटे घरच! तिच्यात स्वयंपाकघर आहे, झोपायला खोल्या आहेत. इथे घाई चालत नाही. ताशी ८ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने नाव नेण्यास मनाई आहे, कारण लाटांनी काठ ढासळतात. काठावरचा सायकलस्वारही आपल्याला सहज मागे टाकतो. आपण मात्र द्राक्षांचे मळे पाहत संथपणे पुढे जातो.

पण हे काय? समोर चढ आला! नाव वर कशी जाणार? त्यासाठी कालव्यात दोन बाजूंना दरवाजे असलेले दगडी हौद बांधले आहेत. नाव खालच्या दरवाजाने आत शिरते. तो दरवाजा बंद करून वरचे पाणी हौदात सोडतात. पाणी चढते, तशी नावही वर येते. मग वरचा दरवाजा उघडतो.

मात्र दर वेळी उंचावरचे पाणी खाली निघून जाते. मग तिथे नवे पाणी कोठून आणायचे? हा प्रश्न पिएर-पॉल रिके याने सोडवला. तो मिठावरील कर गोळा करणारा अधिकारी होता. डोंगरातील ओढ्यांचे पाणी त्याने कालव्याच्या सर्वांत उंच जागी आणले. १६६६ मध्ये राजा चौदावा लुई याने कामाला मंजुरी दिली. हजारो स्त्री-पुरुष राबले. रिकेने स्वतःचा पैसाही ओतला. पण १६८० मध्ये तो मरण पावला आणि १६८१ मध्ये कालवा खुला झाला!

या काठावर चिनारच्या कुळातील हजारो झाडे पुढच्या पिढ्यांनी लावली. २००६ मध्ये तेथे बुरशीचा रोग आढळला आणि हजारो झाडे तोडावी लागली. आता तेथे नवी रोपे लावत आहेत. लावणाऱ्यांना त्यांची दाट सावली मिळेलच असे नाही. रिकेला तरी आपला पूर्ण झालेला कालवा कुठे पाहायला मिळाला? तरीही त्याने काम सोडले नाही.

स्वाध्याय
१. नाव चढ कशी चढते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. दुसऱ्यांसाठी लावलेले एखादे झाड किंवा खोदलेली विहीर तुमच्या गावात आहे का? त्याविषयी पाच वाक्ये लिहा.