तीच प्रार्थना, तेच शब्द

आजचा शास्त्रभाग : मार्क १४:३२-४२



गेले तीन आठवडे मी रोज रात्री एकच प्रार्थना करतोय. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं आणि मला त्याला क्षमा करता येत नाहीये. रात्री प्रार्थना करून झोपतो, सकाळी मीटिंगमध्ये त्याचा आवाज ऐकला की राग परत हजर. परवा वाटलं, पुरे झालं. एकच रिक्वेस्ट सारखी फेल होत असेल तर आपण ती पाठवत बसत नाही, चूक शोधतो. मग माझाच विश्वास कमी पडतोय का?

हा प्रश्न डोक्यात असतानाच काल ३९ व्या वचनावर अडकलो. येशू पुन्हा एकटा गेला आणि त्याने आधीचीच प्रार्थना केली, शब्दही तेच. मत्तय तर तिसऱ्या वेळेबद्दलही हेच सांगतो (२६:४४). देवाच्या पुत्राला नवे शब्द सुचले नसते का? पण गेथशेमाने या नावाचा अर्थच तेलाचा घाणा, आणि घाण्यातून तेल एका फेऱ्यात निघत नाही.

प्याला काही टळला नाही, हेही लक्षात घ्या. बागेत शिरताना येशू व्याकूळ होता, जमिनीवर पडून प्रार्थना करत होता. शेवटी मात्र तोच शिष्यांना उठवतो आणि धरून द्यायला आलेल्याला सामोरा जातो. लढाई लोक तलवारी घेऊन येण्याआधीच झाली होती.

आणि पेत्र? परीक्षेत पडू नये म्हणून जागा राहा, प्रार्थना कर, हे त्याला नाव घेऊन सांगितलं होतं. तो झोपला. थोड्याच वेळात त्याने तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान कापला (योहान १८:१०) आणि कोंबडा आरवेपर्यंत तीनदा प्रभूला नाकारलं. मला पेत्राला हसवत नाही. प्रार्थनेच्या वेळी माझ्या हातात मोबाइल असतो आणि दुसऱ्या दिवशी जिभेवर तलवार.

अजून एक. येशूने त्या रात्री तिघांना सोबत नेलं होतं. म्हणून काल मी आमच्या सेल ग्रुपमधल्या एका दादाला सगळं मोकळेपणाने लिहिलं. लाज वाटली, पण लिहिलं.

प्रभू येशू, आज रात्रीही तेच मागायला येणार आहे. त्याला आशीर्वाद दे असं अजून तोंडातून निघत नाही. आज निदान त्याचं नाव तरी तुझ्यासमोर घेऊ दे. आमेन.