भाकरीतील गोडी

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याचा गुजरातच्या सीमेलगतचा डोंगराळ तालुका. येथील उतारांवर नागली पिकते आणि नागलीची भाकरी हे येथील घरोघरचे जुने अन्न आहे. या भाकरीचा एक घास तोंडात घ्या आणि तो लगेच न गिळता सावकाश चावीत राहा. साखर कोणीही घातलेली नाही. तरी थोड्या वेळाने घास किंचित गोड लागू लागतो. ही गोडी कोठून आली?

नागलीच्या दाण्यात मुख्यतः पिष्ट असते. पिष्टाचा रेणू म्हणजे जणू एक लांबलचक माळच होय. तिच्यात ग्लुकोज नावाच्या साखरेचे शेकडो, हजारो मणी जोडलेले असतात. अखंड माळेला गोडी नसते. आणि एवढा मोठा रेणू आतड्यातून रक्तात शिरूही शकत नाही. म्हणून ही माळ तुटावी लागते.

ती तोडण्याचे काम पाणी करते. दोन मण्यांच्या सांध्यापाशी पाण्याचा एक रेणू दुभंगतो. त्याचा एक भाग एका मण्यास व दुसरा शेजारच्या मण्यास जाऊन मिळतो आणि सांधा सुटतो. येथे पाणी नुसते भिजवीत नाही. प्रत्येक सांध्यागणिक ते स्वतः खर्ची पडते. या क्रियेला जलीय विच्छेदन म्हणतात. डाळीतील प्रथिनांपासून ॲमिनो आम्लेही पोटात अशीच सुटी होतात.

मग नुसते भिजविलेले पीठ लगेच गोड का होत नाही? कारण एकटे पाणी हे काम अतिशय मंदगतीने करते. त्याला साहाय्यक हवा. १८११ साली किर्खोफ या रसायनशास्त्रज्ञाने रशियात पिष्ट सौम्य गंधकाम्लात उकळून साखर मिळविली. तेथे आम्ल साहाय्यक होते. आपल्या तोंडात तेच काम लाळेतील विकर शरीराच्या साध्या उबेत करते.

दाण्याला मोड येताना त्यातही असे विकर तयार होते. कोवळ्या अंकुरालाही साखर हवीच असते! म्हणून पुष्कळ घरी नागलीला मोड आणून, ती वाळवून दळतात. साध्या पिठाची पेज चटकन घट्ट होते. ती पातळ करण्यासाठी पाणी वाढविले, तर बाळाच्या इवल्याशा पोटात अन्न थोडे व पाणीच फार जाते. मोडाच्या पिठातील माळा शिजताना भराभर तुटतात. म्हणून पीठ अधिक घातले तरी पेज पातळच राहते. तेवढ्याच वाटीत बाळाला अधिक अन्न मिळते.

मुलांनो, वाडवडील घास नीट चावून खाण्यास सांगतात, ते उगीच नव्हे. शेतकऱ्याने घाम गाळून पिकविलेल्या दाण्यातील मणी न् मणी आपल्या अंगी लागावा, हेच त्यांचे सांगणे असते.

शब्दार्थ : पिष्ट – स्टार्च, विकर – शरीरातील क्रिया वेगाने घडविणारा पदार्थ, खर्ची पडणे – वापरले जाऊन संपणे.

स्वाध्याय
१. भाकरीचा घास चावल्यावर गोड का लागतो?
२. ‘पाणी स्वतः खर्ची पडते’ असे लेखकाने का म्हटले आहे?
३. तुमच्या घरी मोड आणून केल्या जाणाऱ्या पदार्थांविषयी वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळी लिहा.