आष्टीची पिछाडी

भाची : मामा, बापू गोखले आष्टीला पडले, एवढेच शाळेत वाचले होते, पण खुद्द पेशव्यांच्या सेनापतीने मूठभर स्वारांनिशी अशी उडी का घ्यावी?

मामा : उडी नव्हे गं, ती पिछाडी होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई होऊन पुणे इंग्रजांच्या हाती गेल्यापासून पेशवे दुसरे बाजीराव हे कबिला आणि सातारकर छत्रपती प्रतापसिंह यांना बरोबर घेऊन मुक्कामामागून मुक्काम हलवीत होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये सोलापूरकडील आष्टीस इंग्रजांच्या जनरल स्मिथच्या घोडदळाने त्यांना अकस्मात गाठले. शत्रूची वर्दी वेळीच का मिळाली नाही, असा ठपका पेशव्यांनी गोखल्यांवर ठेवला, तेव्हा त्या स्वाभिमानी पुरुषाने धन्याची पाठ राखण्याचे स्वतःच्या शिरावर घेतले. पेशवे पालखी सोडून घोड्यावर बसले आणि निघाले.

भाची : आणि बापू?

मामा : त्यांनी इंग्रजांच्या मद्रासी रिसाल्याच्या बगलेवर घोडी घातली. हातघाई अशी झाली की, स्मिथच्याच डोक्याला जखम झाली. पण इतक्यात ड्रॅगून स्वारांची तुकडी मध्ये घुसली आणि जखमांनी जर्जर झालेले बापू रणातच पडले. सेनापती पडताच फौजेची फळी फुटली.

भाची : पेशवे निसटले ना पण? मग बापूंचा प्राण सार्थकी लागला.

मामा : मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटे. परंतु त्याच गर्दीत छत्रपती, त्यांच्या मातोश्री आणि बंधू इंग्रजांच्या हाती लागले, आणि मला तर हीच त्या दिवसाची सर्वांत मोठी हानी वाटते. कारण पेशवा कितीही बलाढ्य झाला तरी प्रधानकीची वस्त्रे त्याला साताऱ्याहून यावी लागत. छत्रपतींना राज्य देऊ, असा जाहीरनामा इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने थोडे दिवस आधीच काढला होता. आष्टीने त्या कागदाला प्रत्यक्ष राजा मिळवून दिला.

भाची : म्हणजे दौलतीचे नावच गेले.

मामा : एप्रिलमध्ये प्रतापसिंहांना इंग्रजांनी गादीवर बसविले. बाजीराव जूनमध्ये इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले. तोवरच्या साऱ्या धावपळीत बापूंसारखी पाठ राखणारा दुसरा सेनापती त्यांना लाभला नाही.