यकृतातील चरबी : सुईने काढलेला तुकडा काय सांगतो?

पोटाची सोनोग्राफी केली, की अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द हल्ली वारंवार दिसतात. दारूला कधी न शिवलेला माणूस ते वाचून गोंधळतो. मुंबईत डॉ. दीपक अमरापूरकर व सहकाऱ्यांनी रेल्वेच्या दोन वसाहतींत पाहणी करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरात सुमारे सोळा-सतरा जणांत हा विकार आढळला. अशा बहुतेकांचे यकृत पुढे निकामी होत नाही. थोड्यांचे मात्र होते. ते थोडे कोण, हे वेळीच ओळखणे महत्त्वाचे.

सोनोग्राफीत चरबी दिसते. पण पेशींना इजा किती झाली, हे त्यात नीट कळत नाही. त्यासाठी काही रुग्णांत बायॉप्सी करतात. रक्त गोठण्याची तपासणी करून, जागा बधिर करून, उजव्या बरगड्यांमधून सुई घालतात आणि दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा बारीक तुकडा काढतात. नंतर काही तास रुग्णाला झोपवून ठेवतात, कारण क्वचित रक्तस्राव होऊ शकतो.

सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टींना गुण देतात. ही पद्धत २००५ साली अमेरिकेत ठरली.

१) चरबी : ५ टक्क्यांहून कमी पेशींत असल्यास ०, ३३ टक्क्यांपर्यंत १, ६६ पर्यंत २, त्याहून अधिक ३.
२) दाह : ० ते ३.
३) पेशी फुगणे : ० ते २.

एकूण गुण ८. शाळेत जास्त गुण चांगले, येथे उलट! ५ किंवा अधिक गुण बहुधा दाहयुक्त विकार दर्शवतात.

चौथी गोष्ट वेगळी मोजतात, ती म्हणजे तंतुमयता, अर्थात यकृतात पडणारे वण. त्याच्या पायऱ्या ० ते ४. चौथी म्हणजे सिरोसिस. समजा, एका रुग्णाचे गुण ६ व तंतुमयता १ आहे. दुसऱ्याचे गुण ४, पण तंतुमयता ३. अधिक धोका कोणाला? दुसऱ्याला. पुढील आयुष्य मुख्यतः तंतुमयतेवर ठरते. म्हणून अहवालात ही पायरी आधी पाहावी.

मोंढ्यात पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर धान्य काढतात व त्यावरून सगळ्या पोत्याचा भाव ठरतो. कधी सळई नेमकी किडक्या भागाला चुकवते. येथेही तसेच. हा तुकडा यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग असतो. त्यामुळे निदान एकट्या तुकड्यावर सोडत नाहीत.

बायॉप्सी सर्वांना लागत नाही. वय, प्लेटलेट्स आणि एसजीओटी-एसजीपीटी यांवरून ‘फिब-४’ हा आकडा काढता येतो. तो १.३ पेक्षा कमी असल्यास गंभीर तंतुमयतेची शक्यता कमी. जास्त आल्यास फायब्रोस्कॅन करतात; तरीही शंका उरली तर बायॉप्सी. मात्र एसजीपीटी नॉर्मल आले म्हणून निर्धास्त राहू नये, विशेषतः मधुमेही व स्थूल व्यक्तींनी.

आणि दिलासा? वजन ७ ते १० टक्के घटल्यास चरबी व दाह कमी होतात. १० टक्के घटल्यास तंतुमयताही अनेकांत मागे हटते. म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो. रोजचे भरभर चालणे, गोड व तळलेले कमी, दारू वर्ज्य. अहवाल कपाटात ठेवून न देता तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावा.